जमाई का मसाला

मार्च महिन्यात सर्दी व्हायचं काही कारण नव्हतं, पण उज्वला शेडगेला झाली. आणि झाली ती अशी, की दोन्ही नाकपुड्यांना कुणीतरी बूच मारून ठेवलंय असं वाटावं. वाफ घेऊन झाली, सुंठ-गुळाच्या गोळ्या चघळून झाल्या, निलगिरीचं तेल रुमालावर टाकून झालं. नाक काही उघडेना. तरीही मंगळवारी पहाटे साडेपाचला ती नेहमीसारखी ओट्यापाशी उभी होती, कारण बावीस डबे जायचे होते आणि बावीस जणांच्या पोटाला तिच्या नाकाशी काही देणंघेणं नव्हतं.

उज्वला मूळची माण तालुक्यातली. लग्न करून आली ती आधी तुर्भ्याला एका खोलीत आणि मग कामोठ्याच्या या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. नवरा जोतीराम मसाला मार्केटात माथाडी. मिरची, धणे, हळद, जिरं यांची पोती सत्तावीस वर्षं त्याच्या पाठीवरून ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून ट्रकमध्ये गेली होती. रोज संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा आज कुठला माल उतरवला हे त्याला सांगावं लागत नसे, शर्टच सांगायचा. दोन्ही पोरं पुण्यात नोकरीला लागली होती. घरात दोघंच. पण स्वयंपाक मात्र पंचवीस जणांचा.

तिच्या स्वयंपाकाची एकच गुरुकिल्ली होती: कांदा-लसूण मसाला. दर एप्रिलमध्ये जोतीराम मार्केटातून निवडून मिरच्या आणायचा, उज्वला खोबरं भाजायची, कांदा तळायची, आणि वर्षभराचा मसाला करून बरण्यांत भरायची. मटकीला तोच, वांग्याला तोच, अंड्याला तोच, आमटीला तोच. डबे सुरू केल्यापासून अकरा वर्षं कुणी तक्रार केली नव्हती. कुणी कौतुकही केलं नव्हतं, पण ते ती मनाला लावून घेत नसे. डबा रिकामा परत आला की झालं, असा तिचा हिशेब.

बरण्या सगळ्या एकाच घाटाच्या. शेजारच्या गीतांजलीकडे कॉफी फार लागायची आणि रिकाम्या बरण्या ती उज्वलाला द्यायची. गीतांजलीचा नवरा निशांत मालवाहू जहाजावर कूक होता. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. जानेवारीत परत जाण्याआधी त्यानं बायकोला एक लालसर तपकिरी मसाला दिला होता, कुठल्याशा बेटावरून आणलेला. गीतांजलीनं तो चिमूटभर जिभेवर ठेवला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि कॉफीच्या बरणीत भरून थेट उज्वलाकडे आणून दिला.

"ताई, तुम्हीच ठेवा हो. आमच्याकडे कोण खाणार? आमच्या पिल्लूला वरणभाताच्या पुढं काही चालत नाही."

उज्वलानं बरणी घेतली, फळीवर ठेवली आणि विसरली.

तर मंगळवारी पहाटे तिनं हात लांब करून बरणी काढली, मटकीच्या उसळीत चांगले चार मोठे चमचे मसाला घातला, ढवळलं, झाकण ठेवलं. वास आला नाही, कारण कसलाच येत नव्हता. चवीला म्हणून पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाटला, तर गरम पाणी प्यायल्यासारखं लागलं. मीठ अंदाजानं घातलं. साडेदहाला बंडू रिक्षा घेऊन आला. पन्नाशीचा हा रिक्षावाला रोज डबे पोचवायचा आणि तेविसावा डबा स्वतःसाठी न्यायचा. पिशव्या भरल्या, रिक्षा गेली.

बारा वाजायला आले तेव्हा ओटा पुसताना उज्वलाचं लक्ष फळीवर गेलं. कांदा-लसूण मसाल्याची बरणी होती तिथंच होती. गळ्यापर्यंत भरलेली. झाकणाखालचा फडकासुद्धा तसाच. आणि ओट्यावर दुसरीच बरणी.

तिनं हातातलं फडकं टाकून फोन उचलला.

"बंडूभाऊ, कुटं हायसा? थांबा तितंच! डबं देऊ नका!" तिनं फोनवर ओरडून सांगितलं. सर्दीमुळे ते 'डबं देऊ दका' असं गेलं.

"वैनी, सगळे दिले. का? झुरळ निघालं काय?"

"झुरळ न्हाई हो. मसाला चुकला. कसला घातलाय माझं मलाच ठाव न्हाई."

बंडू म्हणाला, "मी आताच पुलाखाली माझा डबा उघडलाय. खाऊन बघतो. मेलो तर फोन करतो."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. उज्वला फोन हातात धरून स्टुलावर बसून होती. शेवटी फोन वाजला.

"वैनी," बंडू म्हणाला, आणि पुढं नुसतंच काहीतरी चावल्याचा आवाज आला. "वैनी, हे काय केलंय? अजून आहे काय?"

नंतर फोनच फोन. हॉस्पिटलात काम करणाऱ्या तिघी नर्स मुली एका खोलीत राहायच्या, त्यांनी एकाच फोनवरून तिघींनी मिळून कल्ला केला, त्यातलं उज्वलाला फक्त "काकी, कडक!" एवढं कळलं. बँकेतल्या एकानं विचारलं की उद्याही हीच उसळ मिळेल का. आणि सगळ्यात नवल म्हणजे नंदकुमार काकांचा फोन आला.

नंदकुमार काका पलीकडच्या सेक्टरात रो-हाउसमध्ये एकटे राहायचे. सरकारी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. सहा वर्षं त्यांचा डबा चालू होता आणि सहा वर्षांत ते "उद्या नको" आणि "उद्यापासून परत" याशिवाय काही बोलले नव्हते. आज ते म्हणाले, "उज्वलाबाई, उसळ शिल्लक आहे का?"

"न्हाई ओ काका, संपली समदी."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पण ते 'बरं' नेहमीचं नव्हतं. एखाद्या मुलाचा चेंडू गच्चीवर अडकावा तसं होतं.

आता गंमत अशी, की सगळ्या गिऱ्हाइकांनी ज्या चवीचं कौतुक केलं ती चव उज्वलाला स्वतःला ठाऊकच नव्हती. बुधवारी लोकांच्या आग्रहानं तिनं वांग्यात तो मसाला घातला, गुरुवारी आमटीत. लोक फोन करत होते, बंडू रिक्षातून उतरून पातेल्यात डोकावत होता, जोतीराम ताटातला शेवटचा थेंब बोटानं निपटून घेत होता, आणि ती गरम पाण्यासारखा रस्सा पीत होती. आपल्याच लग्नाच्या पंगतीत आपल्यालाच वाढू नये, तसं तिला झालं.

शुक्रवारी रात्री तिनं दोघांपुरतं पिठलं टाकलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण लाल झाला. तिनं त्या बरणीतला अर्धा चमचा मसाला तेलात सोडला, आणि नेमकं तेव्हाच नाक उघडलं.

आधी गोड वास आला, गुळाचा पाक कडेनं लागायला लागतो तसा. त्याच्या मागून गरम वास, जायफळ आणि दालचिनीचा, जणू कुणी बासुंदी करायला बसलंय आणि मधेच तिला राग आलाय. मग मिरची आली ती घशात. पण तीही आपल्या मिरचीसारखी सरळ येईना. पिकल्या फळासारखी वळण घेत आली. आणि सगळ्यात शेवटी काहीतरी हिरवं, पावसात भिजलेल्या झुडपासारखं. उज्वलानं गॅस बारीक केला आणि कढईवर वाकून ती एकटीच हसायला लागली. तिला थांबताच येईना. पदर तोंडाला लावून ती ओट्याला टेकली, परत कढईवर वाकली, परत हसली. पाणी घालायचं राहिलं आणि लसूण काळा पडायला लागला तेव्हा कुठं ती भानावर आली.

जोतीराम जेवायला बसला. चार घास खाऊन त्यानं वर बघितलं.

"उज्वले, ह्ये पिठलं हाय?"

"व्हय."

"न्हवं, पिठलंच हाय का?"

"पिठलंच हाय ओ! बेसनाचं!"

"मग आजपातुर आपण काय खात हुतो?"

त्यानंतरचे दोन आठवडे उज्वला नुसती उधळली. पोह्यांत घाल, थालीपिठात घाल, भरल्या वांग्यात घाल. अंडाकरीत घातला तेव्हा नर्स मुलींनी खोलीवर नाचतानाचा व्हिडिओ पाठवला. शेवग्याच्या शेंगांची आमटी अशी झाली, की जोतीराम चोखून टाकलेल्या शेंगा परत उचलून बघायला लागला. चहात चिमूट टाकून पाहिला, तोही जमला. शेवयांच्या खिरीत घातला आणि ती मात्र पातेल्यासकट ओतून द्यावी लागली, कारण खीर तिखट होऊन फाटली. कढीतही नाही चालला. शनिवारी जोतीरामचा उपास. त्याच्या साबुदाण्याच्या खिचडीत घातला तर त्यानं दोन बशा खाऊन तिसरी मागितली.

बरणी तळाला लागली तेव्हा दोघांचे चेहरे उतरले. निशांतला फोन लागत नव्हता. जहाज भर समुद्रात होतं. गीतांजलीनं मेसेज टाकून ठेवला आणि म्हणाली, "टेन्शन घेऊ नका ताई, बंदराला लागलं की बघेल."

पण जोतीरामला धीर कुठला? त्यानं रविवारी सकाळी आंघोळ करून, जमिनीवर मांडी घालून, स्टीलच्या ताटात उरलेला दोन चमचे मसाला पसरला. डोळे मिटले. वाकून एक लांब श्वास घेतला. उज्वला समोर वही घेऊन बसली.

"जायफळ," तो म्हणाला. "चांगलं, तेलकट. पुढं लिव्ह. दालचिनी, पण पातळ सालीची. काळं मिरं. सुंठ. साखर हाय, पण पांढरी न्हवं. गुळासारखी काळी." परत श्वास. "मिरची आपली न्हाई. हिला फळावानी वास हाय. आपण लवंगी न् ब्याडगी मिळून करू कायतरी."

उज्वला थक्क होऊन लिहीत होती. सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या शर्टाला ती नाकं मुरडत आली, त्याच्या नाकात एवढं सगळं भरून राहिलंय हे तिला माहीत नव्हतं.

जोतीराम परत वाकला आणि एकदम ताठ बसला. डोळे उघडले.

"उज्वले. ह्यात कांदा हाय. लसूण बी हाय. वाळवून कुटलेला."

"मग? आपल्या मसाल्यात बी असतोय की."

"अगं शनवारची खिचडी! दोन बशा खाल्ल्या मी! मारुतीरायाच्या उपासाला!"

उज्वलानं वही तोंडावर धरली, पण खांदे हलायचे ते हललेच. जोतीराम तिच्याकडे रागानं बघत होता, मग त्याचाही चेहरा सैल झाला, आणि तो म्हणाला, "तिसरी बी मागितली हुती गं," आणि दोघं ताटावर वाकून असे हसले, की अर्धा मसाला उडून वर्तमानपत्रावर गेला. तो त्यांनी पोस्टकार्डानं गोळा केला. संध्याकाळी जोतीराम सेक्टरातल्या मारुतीला नारळ फोडून आला.

दोन वास मात्र सापडेनात. एक लवंगेसारखा, पण लवंग नव्हे; लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचं एकाच दाण्यात लग्न लागलंय असा. दुसरा तो हिरवा. सोमवारपासून जोतीराम मार्केटात प्रत्येक गाळ्यात जाऊन पोत्यांच्या तोंडाशी नाक नेऊ लागला. त्याच्या टोळीचा मुकादम धनाजी एक दिवस बघत राहिला, दोन दिवस बघत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जोत्या, पोती उचलायची असत्यात. हुंगायची न्हाईत."

इकडं उज्वलानं सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं, की तो मसाला संपला, आता पूर्वीचाच. नर्स मुलींनी रडक्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली. आणि संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात नंदकुमार काका. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एक जिना चढून धापा टाकत होते.

"या की काका, बसा. डब्यात काय चुकलं का?"

ते बसले नाहीत. त्यांनी कागद उघडला. आत एक डहाळी होती, लांबट, चकचकीत हिरव्या पानांची. एक पान तोडून त्यांनी चुरगाळलं आणि तिच्यापुढं धरलं.

"वास घ्या."

उज्वलानं घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अवं! भाईर या! लवकर या!"

जोतीराम बनियनवरच बाहेर आला. पान नाकाशी नेलं, आणि नंदकुमार काकांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवायला लागला. "ह्योच! काका, ह्योच त्यो! कुटं घावला तुमास्नी?"

"माझ्या दारात," काका म्हणाले. आता ते बसले. "माझ्या बायकोनं, अरुणानं लावलंय. दापोलीच्या नर्सरीतून रोप आणलं होतं, सगळ्या प्रवासात मांडीवर धरून. मी चिडलो होतो, एवढ्याशा अंगणात झाडं कशाला म्हणून. इकडं त्याला फळ धरत नाही, पण पानात सगळ्या मसाल्यांचा वास असतो. ती मसालेभातात एक पान टाकायची. ती गेल्यापासून एकही पान तोडलं नव्हतं मी. कशाला तोडणार?" त्यांनी डहाळी परत कागदावर ठेवली. "त्या मंगळवारी उसळीचा पहिला घास घेतला आणि मला वाटलं, घरात कुणीतरी आहे. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बघून आलो. वेडेपणा म्हणायचा."

उज्वलानं काकांपुढं पाण्याचा पेला ठेवला. जोतीराम म्हणाला, "काका, येडं तर आमी बी झालोय. मी तीन दिस झाले मार्केटात पोती हुंगत फिरतोय."

काका हसले. सहा वर्षांत उज्वलानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर फारसं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ते जेवूनच गेले, आणि जाताना बजावून गेले की पानं लागतील तेवढी न्या, पण तोडायला मी असेन तेव्हाच या.

उरला तो हिरवा वास. तो सापडला गीतांजलीच्या हाताला. ती चमचा मागायला आली होती. पिल्लूला खोकला झाला म्हणून तिनं खिडकीतल्या कुंडीतलं एक जाडसर, लवदार पान कुस्करून त्याचा रस काढला होता. उज्वलानं चमचा देता देता तिचं मनगट पकडलं.

"कसला वास गं हा?"

"पानओवा हो ताई. काय झालं? हात सोडा ना, तो रडतोय."

उज्वलानं हात सोडला, पण तिच्या मागोमाग तिच्या घरात गेली आणि सगळी कुंडीच उचलून आणली.

दुसऱ्या दिवशी निशांतचं जहाज बंदराला लागलं आणि त्याचा आवाजी मेसेज आला. तो त्यांनी गीतांजलीच्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसून ऐकला. मागं इंजिनाची घरघर होती. "ताई, तो जमैकाचा मसाला आहे. बंदराच्या बाहेर एक आजी पिंपात कोंबडी भाजते, तिनं दिला. तिकडे तो कोंबडीला चोळतात. आणि तुम्ही पानओव्याचा फोटो पाठवलाय ना, ते पान तिकडच्या बायकांच्या कुंडीतही असतं. पण ताई, तुम्ही तो मटकीत घातला?" पुढं शब्द नव्हते. निशांत हसत होता, त्याच्या मागं आणखी कुणीतरी हसत होतं, आणि मेसेज तसाच संपला.

"कुणाचा म्हनला मसाला?" जोतीरामनं विचारलं.

"जमैकाचा."

"जमाई का? म्हंजे जावयाचा?"

गीतांजली सोफ्यावरून खाली सरकली. "नाही हो भाऊ, बेट आहे ते! जमैका!"

"असंल. पण आपल्याला दोन पोरंच. जावई कुटनं येणार? मसाला तरी असू द्या." आणि त्यानं घरी जाऊन रिकाम्या बरणीवर कागद चिकटवून त्यावर लिहिलं: 'जमाई का मसाला'.

पहिला घाणा बिघडला. काकांच्या झाडाची पानं वाळवून घातली ती जास्त झाली, आणि चाखायला बोलावलेले काका गाल धरून म्हणाले, "दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या घाण्यात पानओवा नीट वाळला नव्हता, मसाल्याचे गोळे झाले. तिसऱ्या वेळी उज्वलानं पानं तीन दिवस सावलीत वाळवली, कांदा-लसूण तळण्याऐवजी उन्हात कडकडीत केला, गूळ किसून मंद तव्यावर कोरडा केला, आणि सगळं कांडपावर नेलं. बाहेर आला तो मसाला जरा काळसर होता. त्याला बेटावरच्या मिरचीचा तो फळासारखा वास नव्हता. त्याऐवजी मागं कुठंतरी माणच्या मातीचा खरपूसपणा होता. तिनं मटकी शिजवली. जोतीराम, काका, गीतांजली आणि बंडू, चौघं रांगेनं वाट्या घेऊन बसले. मग बंडूनं वाटी पुढं केली, आणि काकांनी त्याच्या आधी पुढं केली.

जोतीराम आता डब्यात तीच उसळ नेऊ लागला. मार्केटात जेवायला टोळी एकत्र बसते. एकाचा डबा सगळ्यांचा असतो. दोन दिवसांत त्याच्या वाट्याला नुसती भाकरी उरायला लागली. तिसऱ्या दिवशी धनाजी मुकादम म्हणाला, "असं एका डब्यावर अठरा जण किती दिस जगायचं? वैनीला सांग, येत्या शुक्रवारी समद्या टोळीला जेवान. सामान आमी देतो, हात तिचा."

उज्वला घाबरली. अठरा माथाडी, सगळे सातारकडचे, लहानपणापासून एकाच चवीवर वाढलेले. नर्स मुलींचं वेगळं. त्या काहीही नवीन म्हटलं की नाचतात. पण हो म्हणून बसली होती, आणि त्या दिवशी डब्यांना सुट्टीही कळवून टाकली होती. शुक्रवारी पहाटेपासून गीतांजली भाकऱ्या थापायला आली, तिच्या निम्म्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या झाल्या. अकराला बंडूच्या रिक्षात उसळीची दोन मोठी पातेली, भाकऱ्यांची टोपली, उज्वला, आणि मांडीवर भाताचं पातेलं घट्ट धरून नंदकुमार काका. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्या झाडाची पानं आहेत त्यात," एवढंच म्हणून ते चढून बसले होते.

मसाला मार्केटात उज्वला त्याआधी कधी गेली नव्हती. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. फाटकातून आत शिरताच ट्रकच ट्रक, हातगाड्या, ओरडा, आणि वासांची अशी गर्दी की श्वास घ्यायला वाट काढावी लागावी. गाळ्यासमोरच्या ओट्यावर टोळी पोती अंथरून बसली होती. वाढायला सुरुवात झाली. हनुवटीवर पांढरे खुंट वाढलेल्या एका म्हाताऱ्या माथाड्यानं घास घेतला, तोंडात घोळवला आणि जाहीर केलं, "ह्ये आपलं न्हवं."

उज्वलाचा डाव हवेतच थांबला.

"आपलं न्हवं," म्हातारा परत म्हणाला आणि त्यानं ताट पुढं केलं. "पर वाढ. उगं हात आखडू नगंस."

धनाजी मुकादम उभ्यानंच खात होता. दुसऱ्या वाढपाला तो खाली बसला, तिसऱ्याला त्यानं टोपी काढली. पलीकडच्या गाळ्यातला व्यापारी वासानं बाहेर आला, त्यालाही एक भाकरी मिळाली, नेमकी गीतांजलीची. काका मोठ्या उत्साहानं ताटाताटापाशी जाऊन आपल्या झाडाची गोष्ट सांगत होते, आणि ज्यांनी एकदा ऐकली त्यांनाही परत सांगत होते. पातेली इतकी स्वच्छ झाली की बंडू म्हणाला, "वैनी, घासायचं काम वाचलं."

जेवणं झाल्यावर जोतीराम म्हणाला, "ये, माझा गाळा दावतो."

तो तिला आत घेऊन गेला. छतापर्यंत रचलेली पोती, मधून चिंचोळी वाट. त्यानं एका पोत्याला लोखंडी हुक लावला, गुडघे वाकवले, आणि ते सहज पाठीवर घेऊन फळीवरून चढत वर गेला, जणू कुणी लेकराला खांद्यावर घ्यावं. वरून त्यानं खाली बघितलं. उज्वला बघतच राहिली. घरात पाण्याचा हंडा उचलताना कंबर धरून 'आई गं' करणारा हाच का तो माणूस, हे तिला कळेना.

"घरी पिंप सरकवा म्हटलं की कंबर दुखतीय न्हवं तुमची?" ती खालून म्हणाली.

"पिंपाला हुक न्हाई लागत," तो वरून म्हणाला.

ती हसली आणि हसताना तिनं मोठा श्वास घेतला. बाजूला मिरचीची पोती होती. तिला शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. जोतीराम वरून उतरून तिला धरायला आला आणि त्यालाही शिंका सुरू झाल्या, सत्तावीस वर्षं मिरचीत काढलेल्या माणसाला. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून शिंकत होते, मधेच हसत होते, आणि हसलं की परत शिंक येत होती. टोळी दारात जमली.

"वैनी," धनाजीनं बाहेरून विचारलं, "फुडच्या शुक्रवारी काय करताय मग?"

"शेवग्याची," उज्वला म्हणाली, शिंकली, डोळे पुसले, परत शिंकली. "शेवग्याची आमटी! पर भाकऱ्या तुमी थापायच्या!"

अठरा माथाडी एकमेकांकडे बघायला लागले.